माठाचं तापमान

जळगावात एसी दुरुस्त करणारे हवे तेवढे मिळतात. मोबाईलवर बोट फिरवा, तासाभरात दोन पोरं मोटरसायकलवर हजर. पण एसी खरोखर नीट झाला की नाही हे सांगावं ते नासीरनेच, असं जुनी गिऱ्हाइकं म्हणत. त्याची पद्धत ठरलेली होती. काम आटोपलं की तो हात धुई, रुमालाने कोरडे करी आणि उजव्या हाताची पालथी बाजू एसीच्या जाळीसमोर धरून, डोळे मिटून उभा राही. घरातली माणसं आपोआप गप्प होत, कोणीतरी उठून पंखा बंद करी. मग डोळे उघडून तो म्हणे, "तेरा आहे. फर्स्ट क्लास." नाहीतर, "सतरावर गेलंय, गॅस उतरलाय." एकदा एका सोनाराने गंमत म्हणून प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर आणून जाळीला लावला. नासीर तेरा म्हणाला होता, पाराही तेरावरच थांबला. त्या दिवसापासून सोनाराने दुसऱ्या मेकॅनिकला दुकानाची पायरी चढू दिली नाही.

प्रेशर बघायचं गेज त्याच्याकडे होतं, नाही असं नाही. पण ते गॅस भरतानाच पिशवीतून निघे. नुसत्या सर्व्हिसिंगला हात पुरे. कोपऱ्यावरचा चहावाला झुलाल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला अहिराणीत ऐकवी, "नासीरभाऊना हात लागना म्हणजे बठ्ठं थंडगार व्हई जास." नासीर वरवर हसून सोडून देई, पण आतून त्याला ते फार आवडे. पस्तीस वर्षांत माणसाने एवढं तरी कमवावं, असं त्याला वाटे.

हा हात गेल्या थंडीत गेला. गेला म्हणजे दिसायला जसाच्या तसा, पाना धरायचा, नट फिरवायचा, पण थंड-गरम त्याला कळेनासं झालं. आधी पायांना मुंग्या येत, मग बोटांना येऊ लागल्या. साखर दहा वर्षांची, आणि गोळी आठवेल तेव्हा. मुंग्या थांबल्या तेव्हा नासीरला बरंच वाटलं होतं. मग जानेवारीत एका गच्चीवर त्याने चालू कॉम्प्रेसरच्या नळीवर हात टेकला आणि तसाच गप्पा मारत उभा राहिला. हात उचलला तर तळहातावर लाल पट्टा, आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा फोड.

"पाना घसरला," त्याने कनीजला सांगितलं.

कनीजने हात उलटसुलट करून पाहिला, मलम लावलं, पट्टी बांधली. आठ दिवस रोज पट्टी बदलली, पण परत काही विचारलं नाही. आपण थोडक्यात सुटलो, असं नासीरला वाटलं. बायकोपासून एवढी मोठी गोष्ट लपली याचा त्याला थोडा अभिमानही वाटला, आता काय बोलावं.

लपवायचं कारण साधं होतं. गेज सगळ्यांकडे असतं, नव्या पोरांकडे तर नासीरपेक्षा चांगलं. नासीरकडे हात होता. तोच गेला असं गावात पसरलं की त्याला कोण बोलावणार, आणि का?

थंडीत एसीचं काम फारसं नसतं, म्हणून दोन महिने निभावलं. मार्च उजाडला, उन्हाने डोकं वर काढलं आणि फोन सुरू झाले. तेव्हा नासीरने लांबून तापमान सांगणारी मशीन घ्यायचं ठरवलं. पिस्तुलासारखी असते, घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि मागे आकडा उमटतो. जळगावच्या बाजारात ती त्याच्या दुकानापासून चार दुकानं सोडून मिळत होती. पण तिथे घेतली तर संध्याकाळच्या चहाला झुलालच्या टपरीवर दुसरा विषय नसता. म्हणून हा गृहस्थ सकाळी एसटीत बसला, अडीच तास धुळ्याला गेला, मशीन घेतली आणि अडीच तास परत आला. कनीजला सांगितलं, कॉम्प्रेसरचा पार्ट आणायला गेलो होतो.

धुळ्याचा दुकानदार अखिल तरुण आणि उत्साही होता. "काका, एक गोष्ट लक्षात ठेवा, ही मशीन..." असं म्हणून तो समजावू लागला.

"बाबा, तुझ्या जन्माआधीपासून मी हेच करतोय," नासीर म्हणाला आणि खोका बगलेत मारला. अखिलने बिचाऱ्याने वाक्य गिळलं आणि वर आपला नंबर खोक्यावर लिहून दिला.

मशीन पिशवीच्या तळाशी जुन्या बनियनमध्ये गुंडाळून राहू लागली. आता ती काढायची तर खोलीत कोणी नको. म्हणून काम संपलं की नासीर म्हणे, "वहिनी, जरा पाणी मिळेल?" वहिनी आत गेल्या की झटकन मशीन काढायची, जाळीवर नेम धरायचा, आकडा पाहायचा, मशीन परत बनियनमध्ये. वहिनी येतात तो नासीर डोळे मिटून, हात धरून उभा. "तेरा आहे. फर्स्ट क्लास." दिवसाला सहा-सात घरं, प्रत्येक घरी तांब्याभर पाणी. एप्रिलभर तो इतकं पाणी प्यायला की कामापेक्षा दुसऱ्याच कारणाने त्याला घरोघर थांबावं लागे. पण आकडे बरोबर येत होते आणि नाव टिकून होतं.

घरी मात्र त्याची चिडचिड वाढली होती. कनीजचा चहा हल्ली कोमट येई. तिच्या हातचा वाफाळता चहा ही त्याची संध्याकाळ, आणि आता घोटात जीवच नसे. भाकरीही तव्यावरची थेट ताटात येईना. "वय झालं तुझं, चूल विसरायला लागलीस," तो म्हणे. कनीज म्हणे, "हो, झालं असेल." शिवाय तिचे गुडघे. तीन वेळा तिने डॉक्टरकडे नंबर लावला, "माझ्यासोबत चला, एकटीला जिना चढवत नाही," म्हणाली, आणि तिन्ही वेळा ऐनवेळी कोणाचा तरी एसी बंद पडला. मुलगा आतिफ सुरतेला. सीझन आहे, पाऊस लागला की जाऊ, असं नासीर म्हणे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुखराजशेठचा फोन आला. डाळमिलवाले पुखराजशेठ पंचवीस वर्षांपासूनचं घर. त्यांची आई पानबाई ब्याऐंशी वर्षांच्या, फेब्रुवारीत खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून खाटेवर. बाहेर पंचेचाळीस अंश. एसीचं सर्व्हिसिंग करून जा, म्हणजे आईची काळजी नको, असं शेठ म्हणाले आणि मिलमध्ये निघून गेले.

नासीरने जाळ्या धुतल्या, बाहेरचं युनिट फवाऱ्याने साफ केलं, सगळं बसवून एसी चालू केला. सून स्वयंपाकघरात, खोलीत फक्त पानबाई. त्यांना पाणी आणायला कसं पाठवणार? त्यांचे डोळे मिटलेले होते, पण झोप आहे की नाही याचा भरवसा नव्हता. नासीरने त्यांच्याकडे पाठ केली, उजवा हात नेहमीसारखा वर धरला आणि डाव्या हाताने मशीन पोटाशी लपवून, खाली झोंबणाऱ्या त्याच वाऱ्यात धरली. मशीन जाळीकडे उचलली असती तर खाटेवरून दिसली असती. हाताला लागतो तो वारा मशीनलाही लागतोच की, असा त्याने हिशेब केला. घोडा दाबला. अठरा.

बारा-तेरा यायला हवं होतं, पण एवढ्या उन्हात अठराही वाईट नव्हे. पाइपवर घाम धरलेला नव्हता, हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. यंदाची हवाच कोरडी आहे, असं त्याने डोळ्यांना समजावलं.

"नासीर," मागून पानबाईंचा आवाज आला, "गार आहे का रे?"

त्याने मशीन सदऱ्याखाली ढकलली. "एकदम गार, माँजी. अठरा. फर्स्ट क्लास."

"तू म्हणतोस तर असेल," पानबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने गळा पुसला. ते त्याने पाहिलं आणि नाही पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुखराजशेठचा फोन आला. आईला सकाळी चक्कर आली, ग्लानीत होती, डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. उन्हाचंच म्हणाले. आता बरी आहे, पण खोली तापते असं वाटतंय, जरा येऊन जाल का. शेठ रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "ती काल संध्याकाळपासून म्हणत होती, गरम होतंय म्हणून," ते म्हणाले. "मीच म्हटलं, आई, नासीरभाईंनी हात लावलाय, गरम कसं असेल? तुझ्या अंगातच उष्णता वाढली असेल. चूक माझी झाली."

फोन ठेवल्यावर नासीर दुकानात स्टुलावर बसून राहिला. म्हातारीला घाम फुटत होता, ती तोंडाने सांगत होती, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, कारण त्याच्या मेलेल्या हातावर ठेवला होता. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग त्याने खोका शोधला आणि धुळ्याला फोन लावला. अठरा दाखवत होती आणि खोली तापली, हे कसं, त्याने विचारलं. अखिल हसला, पण चांगल्या मनाने. "काका, तेच तेव्हा सांगत होतो. ही मशीन वारा मोजत नाही. वारा तिला दिसतच नाही. लाल ठिपका ज्या वस्तूवर पडेल त्या वस्तूचा आकडा देते. एसीचा वारा बघायचा तर जाळीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, दोन-तीन मिनिटं गार होऊ द्या, मग टेपवर नेम धरा. चकचकीत तांब्याच्या नळीवरही टेप लावायची, नाहीतर तिथेही फसवेल. तुम्ही ठिपका कशावर धरला होता?"

ते नासीरला माहीत नव्हतं.

तो शेठकडे पोहोचला तेव्हा पानबाईंच्या खोलीत कूलर आणून लावला होता. हाताला सलाईनची पट्टी, चेहरा उतरलेला, पण डोळे जागे. नासीरने कोणाकडे न बघता आधी गेज काढलं. गॅस जवळजवळ संपला होता. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले, नट नवा बसवला, गॅस भरला. एसी चालू झाल्यावर पुखराजशेठ डॉक्टरांशी फोनवर बोलायला बाहेर गेले. खोलीत पुन्हा दोघंच.

"हात लाव," पानबाई म्हणाल्या. "सांग किती आहे."

नासीरने हात वर केला आणि मग खाली घेतला. तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला. "माँजी, या हाताला आता काही कळत नाही. थंड नाही, गरम नाही. चार-पाच महिने झाले. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"खोटं कुठे? अठरा होतं ना?" पानबाईंच्या ओठांवर हसू आलं. "माझ्या माठाचं होतं ते."

एसीखालच्या कोपऱ्यात तिवईवर त्यांचा माठ होता. पानबाई जैन रीतीने उकळून गार केलेलं पाणीच पीत, आणि फ्रिजचं नको म्हणून ते माठात ठेवायचं, वर ओलं फडकं गुंडाळायचं. नासीरने माठाकडे पाहिलं. फडकं ओलंच होतं.

"तुम्ही जाग्या होतात?"

"या वयात डोळे मिटले म्हणजे झोप लागली असं नसतं. लाल टिकली माठावर नाचली. मला वाटलं, हल्ली एसीवाले माठही तपासून देतात." त्या हसल्या आणि त्यांना खोकला आला. नासीरने त्यांना पाणी दिलं, त्याच माठातलं.

"मग बोलला का नाहीत, माँजी?"

"तू हात धरून उभा होतास. तुझा हात म्हणतो गार, मग मी कोण? मला घाम येत होता, तरी मी स्वतःलाच म्हटलं, पानबाई, तुझं डोकं फिरलं." त्यांनी श्वास घेतला. "पंचवीस वर्षांची सवय रे."

नासीरने मान खाली घातली आणि डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न न करता.

पानबाईंनी उशाशी चाचपडून चष्मा काढला आणि त्याच्यासमोर धरला. "सामायिकाची पोथी मी तीस वर्षं हा लावून वाचते. कोणी म्हणालं का, पानबाईचं वाचन गेलं? ती मशीन सदऱ्यात कशाला लपवतोस? घरी तरी सांगितलंस का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"आज सांग," त्या म्हणाल्या. "आधी माझा एसी बघ, नीट बघ."

पुखराजशेठ आणि सून खोलीत आले तेव्हा नासीर जाळीवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवत होता. तीन मिनिटं सगळे टेपकडे बघत उभे राहिले. मग त्याने पिशवीतून मशीन काढली, बनियन बाजूला टाकलं आणि सगळ्यांदेखत नेम धरला. तेरा. शेठलाही दाखवला आकडा.

"हातानेही बघून घ्या की एकदा," शेठ सवयीने म्हणाले.

"हात गेला, शेठ," नासीर म्हणाला. "साखरेने गेला. तुमच्या आईला हा त्रास माझ्यामुळे झाला. आता या मशीननेच बघणार."

शेठनी आईकडे पाहिलं, आईने डोळ्यांनी काहीतरी सांगितलं असावं. "बरं," शेठ म्हणाले, "मग उद्या मिलच्या ऑफिसातले दोन एसी बघून जा. आणि ती टेप घेऊन या."

नासीर घरी आला तेव्हा दुपार उतरल्यावरची असरची नमाज होऊन गेली होती. कनीजने त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता चहा टाकला. सांगायला सुरुवात कुठून करावी हे त्याला कळेना, म्हणून त्याने मशीनच चटईवर ठेवली. "हे बघ, धुळ्याहून आणलंय मार्चमध्ये. पार्ट-बिर्ट काही नव्हता." आणि नवं खेळणं दाखवावं तसा तो दाखवू लागला. लाल ठिपका भिंतीवर, एकेचाळीस. फ्रिजच्या दारावर, तेहेतीस. कनीजने दोन कप आणून ठेवले. त्याने तिच्या चहावर नेम धरला. चौऱ्याहत्तर. मग स्वतःच्या चहावर धरला. एकोणपन्नास.

पुन्हा फसवतेय, त्याला वाटलं. ठिपका कपाच्या काठावर पडला असेल. त्याने कप जवळ ओढला, ठिपका बरोबर चहाच्या मधोमध आणला आणि घोडा दाबला. एकोणपन्नास. तिचा पुन्हा पाहिला. बाहत्तर.

एकाच भांड्यातला, एकाच वेळी गाळलेला चहा.

"कनीज," तो म्हणाला, "माझा एवढा गार कसा?"

कनीज पदराशी चाळा करत बसली. "तुमचा मी दोनदा ओतून गार करते," ती म्हणाली. "जानेवारीपासून. तुम्ही कपाचा कान न धरता अख्खा कप मुठीत धरता. भाजलं तर तुम्हाला कळलं नसतं."

नासीरला एकेक आठवू लागलं. कोमट चहा, ताटात निवून येणारी भाकरी, कढईच्या कानाला हल्ली गुंडाळलेली चिंधी, थंडीत आंघोळीच्या बादलीपाशी आधी तिचा हात. तो रोज कुरकुरत होता आणि ती रोज म्हणत होती, हो, वय झालं असेल.

"तुला कोणी सांगितलं?"

"आतिफचे अब्बा, तीस वर्षं मी मेकॅनिकच्या घरात आहे. पाना घसरला की बोटांच्या सांध्यावर लागतं. तुमचा फोड तळहाताच्या मधोमध होता, नळीच्या मापाचा, सरळ. एवढा वेळ हात कोण ठेवतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लपवायचं होतं," कनीज म्हणाली. "म्हटलं, जेव्हा सांगाल तेव्हा सांगाल. तोवर भाजू नये एवढंच."

त्याने तिचा हात धरला. तो गार आहे की गरम हे त्याला कळत नव्हतं, पण तिने आपली बोटं आवळली तेवढं कळलं. चहा तसाच राहिला होता. त्याने कप उचलला आणि एका दमात संपवला.

"चांगला झालाय," तो म्हणाला.

"रोजचाच आहे."

थोड्या वेळाने कप उचलून नेताना ती मोरीच्या दाराशी थांबली. "सोमवारी परत नंबर लावलाय, चौथ्यांदा," ती म्हणाली. "त्या डॉक्टरकडे."

"येतो," नासीर म्हणाला. "कोणाचा एसी बंद पडला तर पडू दे. तुझे गुडघे आधी."

"माझे गुडघे बरे आहेत," कनीज म्हणाली. "तो गुडघ्यांचा डॉक्टर नाही."